जुन्या नोटेचे संग्रहमूल्य : नागपूरच्या चलन मंडळापासून

नाणे आणि नोट यांचा अभ्यास बहुधा एकाच शास्त्राच्या नावाखाली केला जातो, परंतु ज्याला त्यांची किंमत ठरवायची आहे त्याने या दोन वस्तूंमधला मूळ फरक आधी लक्षात घेतला पाहिजे. नाण्यात धातू असतो, आणि राज्य बुडाले किंवा राजा बदलला तरी त्या धातूची काही ना काही किंमत उरतेच. नोट मात्र मुळात वचनचिठ्ठी असते, ती सादर करणाऱ्याला तेवढी रक्कम दिली जाईल एवढाच तिचा अर्थ असतो आणि ते वचन पाळले गेले की तिचे काम संपते. परत आलेली जीर्ण किंवा बाद नोट रद्द करून नष्ट केली जाते. त्यामुळे आज हाती येणारी जुनी नोट ही कोणाच्या विसराळूपणामुळे, कोणी लपवून ठेवून मरण पावल्यामुळे किंवा क्वचित हौसेने जपल्यामुळे खजिन्यात परत न गेलेली नोट असते. दर्शनी मूल्याशी संबंध न ठेवता संग्राहक तिच्यासाठी जी किंमत मोजायला तयार होतो ते तिचे संग्रहमूल्य, आणि ते या न परतलेल्या नोटांच्या संख्येवर उभे असते. नोट किती जुनी आहे, हा प्रश्न सामान्य माणूस सर्वांत आधी विचारतो. अभ्यासकाच्या दृष्टीने तो बराच नंतरचा आहे. ती कोणत्या कार्यालयाने काढली, तशा किती काढल्या गेल्या, त्यांतल्या किती परत गेल्या आणि उरलेल्यांपैकी किती धड अवस्थेत आहेत, या प्रश्नांची उत्तरे जितकी नेमकी मिळतील तितका किमतीचा अंदाज भरवशाचा ठरतो.

या दृष्टीने पाहता नागपूर हे नाव भारतीय कागदी चलनाच्या इतिहासात फार महत्त्वाच्या जागी येते, आणि विदर्भातल्या वाचकाला सुद्धा ते बहुधा माहीत नसते. १८६१ च्या कागदी चलन कायद्यापूर्वी नोटा काढण्याचे काम बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या तीन इलाखा बँकांकडे होते. त्यांपैकी १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर जॉन माल्कम यांच्यासोबत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांची प्रतिमा आढळते. हेच एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होण्यापूर्वी, १८०४ ते १८०८ या काळात, नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंट होते. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि देशाची वाटणी चलन मंडळांत केली. चलन मंडळ, म्हणजे संग्राहकांच्या बोलीतले ‘सर्कल’, हा एका चलन कार्यालयाच्या कक्षेतला प्रदेश होय. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही मुख्य मंडळे होती, आणि त्यांच्या जोडीला अलाहाबाद, लाहोर, कराची, कालिकत, त्रिचनापल्ली, विशाखापट्टणम यांसारख्या ठिकाणी दुय्यम मंडळे उभी राहिली. नागपूर आणि अकोला ही त्यांतलीच दोन. नोटेवर मंडळाचे नाव छापलेले असे, आणि ती नोट वटवून घेण्याचा कायदेशीर हक्क त्या मंडळापुरताच मर्यादित होता. नागपूरची नोट घेऊन लाहोरला गेलेल्या माणसाला तिथल्या चलन कार्यालयाकडून रुपये मागण्याचा अधिकार नव्हता. फार तर एखादा सराफ बट्टा कापून ती घेत असे.

एकाच विदर्भात अशी दोन मंडळे का असावीत, याचे उत्तर कापसात सापडते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड व हिंगणघाटच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. याच सुमारास, १८६१ मध्ये, मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाच्या हंगामात शेतकऱ्याच्या हाती रोख चांदीचा रुपया पडावा लागे, कारण त्याचा कागदावर विश्वास नव्हता, आणि तो नसण्याला पुरेशी कारणेही होती. मुंबईहून इतके रुपये गाड्यांवर लादून आणणे जोखमीचे आणि खर्चाचे होते. म्हणून व्यापाऱ्याने स्थानिक मंडळाच्या नोटा आणाव्यात आणि त्या तिथल्या खजिन्यात देऊन रुपये घ्यावेत अशी सोय उपयोगाची होती. कायद्यानुसार चार कोटी रुपयांपर्यंतच्या नोटांमागे सरकारी रोखे ठेवण्याची मुभा होती, आणि त्यापुढच्या प्रत्येक नोटेमागे तितकेच नाणे किंवा धातू राखावा लागे. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे या नोटा इतक्या दुर्मिळ का, हे आपोआप उलगडते. त्या घरात ठेवण्यासाठी नव्हत्याच. त्या व्यापाऱ्याच्या पेटीतून थेट खजिन्यात जात, आणि खजिन्यात गेलेली नोट पुन्हा संग्राहकाच्या हाती लागण्याचा संभव फारसा राहत नसे.

अमेरिकेतल्या ‘नॅशनल बँक नोटां’शी येथे तुलना करणे उपयुक्त ठरते. तेथे १८६३ पासून १९३५ पर्यंत बारा हजारांहून अधिक स्थानिक बँकांनी केंद्र सरकारच्या परवान्याने नोटा काढल्या, प्रत्येक नोटेवर त्या बँकेचे आणि गावाचे नाव असे, आणि आज तिथला संग्राहक चित्र किंवा रकमेपेक्षा त्या गावाच्या नावाला पैसे मोजतो. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची नोट सहज मिळते. एखाद्या खाणकामगारांच्या वस्तीतल्या, चार वर्षांत बंद पडलेल्या बँकेची नोट मात्र पिढीतून एकदा बाजारात येते. भारतात नोट काढणारे सरकार एकच असले तरी मंडळांच्या नावांमुळे नेमके हेच तत्त्व लागू होते. कलकत्ता किंवा मुंबई मंडळाची आणि नागपूर किंवा अकोला मंडळाची, एकाच मालिकेतली, एकाच रकमेची नोट शेजारी ठेवली तर जाणकाराची नजर आधी मंडळाच्या नावावर जाते. विदर्भाबाहेरचा विक्रेता अनेकदा हा फरक ओळखत नाही, आणि विदर्भातला वारसदार तर त्याहून कमी. ही उणीव भरून निघावी, यासाठी या विषयाची सविस्तर मांडणी मराठीत होणे आवश्यक आहे.

सरकारच्या पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाचे चित्र होते. त्या एकाच बाजूने छापलेल्या, दोन भाषांतल्या मजकुराच्या आणि इंग्लंडमधल्या लॅव्हरस्टोक येथील गिरणीत हाताने ओतलेल्या कागदावरच्या होत्या. बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्यामुळे त्या मागे घेण्यात आल्या आणि १८६७ पासून खाली रंगीत नक्षी असलेली दुसरी मालिका आली, जिच्यात आधी हिरव्या नक्षीवर चार आणि पुढे लाल नक्षीवर आठ भाषांचे पट्टे होते, आणि कोणत्या भाषा घ्यायच्या हे मंडळानुसार ठरत असे. या मालिकेच्या कागदातल्या जलचिन्हात, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर दिसणाऱ्या खुणेत, कागद बनवणाऱ्याचे सांकेतिक अंक असतात; ते अंक नोटेचे वर्ष समजून कालनिर्णय करण्याची चूक नवशिक्याकडून हमखास होते.

या काळातल्या नोटांविषयी एक गोष्ट विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. मोठी रक्कम टपालाने पाठवताना व्यापारी नोटेचे मधोमध दोन तुकडे करीत, आधी एक अर्धा पाठवीत आणि तो पोहोचल्याची पावती आल्यावर दुसरा. मिळाल्यावर दोन्ही अर्धे जुळवून मागून कागदाची पट्टी चिकटवली जाई. क्रमांक दोन्ही अर्ध्यांवर असल्यामुळे जोडलेली नोट वैध धरली जात असे. आज अशी नोट तपासताना तिचे दोन्ही क्रमांक एकच आहेत की दोन वेगळ्या नोटांचे अर्धे एकत्र आणले आहेत, हे प्रथम पाहावे लागते, आणि मग जोडणी त्या काळातली आहे की अलीकडची, हे. जुन्या नोटांचा कागद सुती चिंध्यांपासून बनत असे आणि अतिनील दिव्याखाली तो निस्तेज दिसतो. रंग उजळवणारी रसायने कागदात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली, त्यामुळे नंतर लावलेली पट्टी किंवा भरलेले छिद्र त्या दिव्याखाली पांढरेनिळे चमकून उठते. त्या काळातल्या जोडणीला बाजार दोष मानत नाही, उलट तिच्यात वापराचा पुरावा पाहतो. नंतरच्या लपवलेल्या दुरुस्तीला मात्र तो कठोरपणे वागवतो, आणि ते योग्यच आहे.

१९०३ ते १९११ या काळात ५, १०, ५० आणि १०० रुपयांच्या नोटा टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक करण्यात आल्या, म्हणजे त्या कोणत्याही मंडळात वटवता येऊ लागल्या. नाव मात्र लगेच गेले नाही. पंचम जॉर्जच्या चित्राच्या शंभराच्या नोटांवर मुंबई, कलकत्ता, मद्रास, कानपूर, कराची, लाहोर, रंगून अशी नावे येतात. नागपूर आणि अकोला त्यांत नाहीत. म्हणून या दोन नावांच्या शोधात असलेल्याने एकोणिसाव्या शतकातल्या नोटांकडेच वळले पाहिजे, आणि विसाव्या शतकातल्या शंभराच्या नोटांचा अभ्यास करणाऱ्याने शहराच्या नावामुळे पडणारा फरक स्वतंत्रपणे समजून घेतला पाहिजे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यावर ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट आली आणि तिच्यापाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. खर्च परवडत नाही या कारणावरून १ जानेवारी १९२६ पासून त्या काढणे बंद झाले. अडीच रुपयांची नोट आज फार मागणीत आहे, कारण तिचे आयुष्य अल्प होते, ती हातोहात वापरून झिजली आणि तिच्यासारखी रक्कम भारतीय नोटेवर पुन्हा आली नाही. मोठ्या रकमेच्या नोटा दुर्मिळ आहेत त्या परत केल्या गेल्यामुळे, आणि लहान रकमेच्या नोटा चांगल्या अवस्थेत दुर्मिळ आहेत त्या फाटल्यामुळे. या दोन दुर्मिळतांची किंमत एकाच मापाने काढता येत नाही.

यानंतर प्रश्न येतो तो अवस्थेचा, आणि किमतीचे सर्वाधिक वाद याच ठिकाणी होतात. बाजारात यूएनसी, एक्सएफ, व्हीएफ अशा संक्षेपांनी बोलले जाते, ज्यांचा अर्थ अनुक्रमे न वापरलेली, अत्यल्प वापरलेली आणि बेताने वापरलेली नोट असा सांगता येईल. अलीकडे पीएमजीसारख्या प्रतवारी संस्था नोट प्लास्टिकच्या बंद पाकिटात घालून तिला सत्तरपर्यंतचा अंक देतात. ही मोजणी मुळात विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकन नाण्यांसाठी सुचवली होती. अंकाचा उपयोग आहे, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय सोडून केवळ अंकावर विसंबणे हितावह नाही. नोट तिरप्या उजेडात धरून तिच्या घड्या मोजाव्यात. मधली उभी घडी कागदाचा धागा तुटेपर्यंत गेली आहे की केवळ वाक आहे, हे बोटाला कळते. कोपरे टोकदार आहेत की गोलावलेले, कड कापून सरळ केलेली आहे का, हे चारही बाजूंच्या कोऱ्या पट्ट्यांची रुंदी ताडून पाहिल्याने लक्षात येते. डाव्या बाजूची टाचणीची किंवा स्टेपलची भोके भारतीय नोटेला जवळजवळ जन्मतःच मिळत, कारण बँका नोटांची गड्डी टोचून बांधत. त्यामुळे स्टेपलची दोन भोके असलेली अन्यथा कोरी नोट भारतीय बाजारात सर्रास मान्य आहे, आणि परदेशी खरेदीदाराला ते समजावून सांगावे लागते. धुतलेली नोट रंगाने स्वच्छ पण स्पर्शाला मऊ लागते. तिला खळ देऊन इस्त्री केली तर ती कडक होते, मात्र तिचा मूळ करकरीतपणा आणि छपाईचा उठाव परत येत नाही.

सह्यांचे शास्त्र मराठी संग्राहकाला विशेष जवळचे आहे. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी झाली आणि तिची पहिली नोट, सहाव्या जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये आली. त्यामुळे पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही आणि जे. बी. टेलर यांची सही सर्वांत जुनी ठरते. टेलर यांच्यानंतर १९४३ मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या देशमुखांच्या आय.सी.एस. सेवेचा मोठा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात गेला होता, म्हणून नागपूरकरांना त्यांच्या सहीच्या नोटेविषयी वाटणारी आत्मीयता स्वाभाविक आहे. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चापायी चलनातल्या नोटांची संख्या अनेक पटींनी वाढली होती आणि देशमुखांच्या सहीच्या लहान रकमेच्या नोटा विपुल छापल्या गेल्या. सही थोर माणसाची आहे म्हणून नोट महाग असे समीकरण येथे बसत नाही. याउलट भा. ना. आदरकर हे ४ मे ते १५ जून १९७० इतकाच काळ गव्हर्नर होते, पण गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आलेली आहे, आणि सह्यांचा क्रम पूर्ण करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ती लागत असल्यामुळे तिची मागणी कायम असते.

मराठी प्रदेशाचा विचार ब्रिटिश हिंदुस्थानापुरता थांबवता येत नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद संस्थानाने १९१८ च्या आपल्या कायद्याने काढलेल्या नोटांवर उर्दू, तेलुगू आणि कन्नड यांच्यासोबत मराठी मजकूर होता. यांतल्या काही नोटा ‘इजिप्त’ या जहाजावरून इंग्लंडहून येत असताना २० मे १९२२ रोजी जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या जहाजाच्या धडकेने बुडाले, आणि दहा वर्षांनी पाणबुड्यांनी सोन्याचांदीबरोबर काही नोटाही वर काढल्या. त्यांवरचे समुद्राच्या पाण्याचे डाग अन्य कोणत्याही नोटेवर दोष ठरले असते. येथे तेच तिचे मोल वाढवतात, मात्र त्या डागांचा उगम कागदोपत्री सिद्ध होत असेल तरच. गोव्यात पोर्तुगीज सरकारच्या जुन्या नोटांनंतर १९०६ पासून बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेकडे हे काम गेले, आणि १९५९ मध्ये रुपियाच्या जागी एस्कुदोच्या नोटा आल्या. १९६१ च्या मुक्तीनंतर त्यांचा काळ संपला. त्यांचा संग्रह करणाऱ्याला पोर्तुगालमधल्या खरेदीदारांशी स्पर्धा करावी लागते, आणि किमतीवर त्याचा परिणाम होतो.

बाजारभावाविषयी थोडक्यात एवढेच सांगता येते की, दुकानदाराच्या यादीतला आकडा ही अपेक्षा असते आणि लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम हा पुरावा असतो. त्यातही खरेदीदाराने दिलेल्या रकमेत लिलावसंस्थेचे कमिशन आणि कर धरलेले असतात, तर विक्रेत्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडते. किशोर झुनझुनवाला आणि रेझवान रझाक यांच्या संदर्भग्रंथातले क्रमांक लिलावाच्या याद्यांत वापरले जातात, आणि त्या क्रमांकावरून एकाच प्रकारच्या नोटेचे मागचे व्यवहार शोधता येतात. एकाच व्यवहारावरून दर ठरवू नये, कारण दोन हट्टी संग्राहक समोरासमोर आले की किंमत भलतीकडे जाते. ‘७८६’ हा क्रमांक असलेल्या सामान्य नोटेला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिरातींना बळी पडलेल्यांची संख्या मोठी आहे. अशा व्यवहारांत आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क उकळले जात असल्याचे निदर्शनास आल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना देऊन आपला जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीशी संबंध नसल्याचे स्पष्ट केले आहे. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजाराच्या नोटांबाबत कायदाही माहीत असला पाहिजे: २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहांहून अधिक नोटा, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसहून अधिक नोटा, जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. १९४६ आणि १९७८ मध्ये रद्द झालेल्या मोठ्या नोटांची गोष्ट निराळी आहे. गेट वे ऑफ इंडियाचे चित्र असलेली पाच हजारांची नोट आज मानाने संग्रहात ठेवली जाते.

राहता राहिला विदर्भाच्या हवामानाचा प्रश्न. नागपूरचा उन्हाळा कागद ठिसूळ करतो, लगेच येणारा पावसाळा त्याला ओल देतो, आणि जुन्या वाड्यांतल्या पेट्यांना कसर आणि वाळवी यांचे भय कायमचे असते. ज्यांच्या घरात कापसाच्या व्यापाराची, सावकारीची किंवा मालगुजारीची जुनी दप्तरे अजून आहेत, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवावीत. एखादी नोट सापडलीच, तर तिला लॅमिनेट करू नये, पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, धुऊ नये, इस्त्री करू नये आणि स्वस्त पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात घालू नये. पॉलिएस्टरच्या पाकिटात सपाट ठेवावी. ती कोणत्या वहीत, कोणत्या कागदांसोबत, कोणाच्या पेटीत मिळाली, हे वेगळ्या कागदावर त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि ज्या वहीत ती होती ती वहीही जपावी, कारण नागपूर किंवा अकोला मंडळाच्या नोटेसोबत तिच्या मालकाची नोंदवही आली, तर किंमत ठरवणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.